फोटोत शर्ट का नाही ते सांगतो

आई, अप्पा, साष्टांग नमस्कार.

बाय, हे तूच मोठ्याने वाचून दाखवणार म्हणून आधी तुला सांगतो, मधलं काही गाळू नकोस आणि पदरचं घालू पण नकोस.

माझ्या स्टेटसचा, त्या दगडापाशी उघडा असलेला फोटो काकूने बघितला आणि अर्ध्या वाडीला सांगितलं हे कळलं मला. आई, मी प्यायलेलो नव्हतो. सकाळी साडेअकरा वाजले होते आणि पाचला मला परत गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, ड्युटीला उभं राहायचं होतं, प्यायलो असतो तर गँगवेवरूनच घरी पाठवला असता. त्यामुळे तो विषय बंद.

झालं असं की परवा बोट दुब्रोव्हनिकला लागली, क्रोएशियात. नेहमी माझी आयपीएम येते, म्हणजे बोट बंदरात असली तरी काही जणांनी आत थांबायचंच, पण यावेळी नव्हती, म्हणून मी आणि माझा केबिनवाला मडगावचा, बस पकडून जुन्या गावात गेलो. गाव म्हणजे अख्खा किल्लाच, आपल्या विजयदुर्गासारखा समुद्राला चिकटून, फक्त आत माणसं राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. मेन रस्त्याची फरशी पायांनी घासून इतकी गुळगुळीत झालीय की आपल्या देवळातली पायरी आठवते.

आता तो दगड. दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला मठाची भिंत आहे, त्या भिंतीतून एक दगडी मुंडकं बाहेर आलंय, घुबडासारखं तोंड, जमिनीपासून गुडघ्याएवढं उंच, आणि बाहेर आलेला भाग जेमतेम वीतभर. त्याचं डोकं पण घासून गुळगुळीत. तर पुरुषाने त्याच्यावर चढायचं, भिंतीकडे तोंड करून, धरायला काही नाही, आणि तसंच तोल सांभाळत अंगातला शर्ट काढायचा. न पडता काढला तर म्हणे प्रेमात नशीब उघडतं. कोणाला विचारलं असं का, तर हसतात आणि म्हणतात जुनं आहे. गंमत म्हणजे त्याच गावात रस्त्यावर उघडं फिरलं तर दंड होतो, तशा पाट्या लावल्यात! म्हणजे दगडावर शर्ट काढायचा आणि खाली उतरलं की लगेच घालायचा. मी बराच वेळ नुसता बघत होतो, सत्तरीचे आजोबा चढून पडले, बायको खाली पर्स धरून हसतेय, लग्न होऊन पन्नास वर्षं झाली असतील तरी नशीब बघतायत. मग मडगावकर म्हणाला तुझी आई मुली शोधून दमली, चढ. चढलो. दोन वेळा घसरलो, तिसऱ्यांदा शर्ट निघाला आणि दोन सेकंदांत मी खाली, तेवढ्यात त्याने फोटो काढला. एवढंच आहे.

आणि बारीक दिसतोय ते उघडा आहे म्हणून. जेवतो नीट, मेसमध्ये डाळभात रोज असतो.

बाकी फार फिरलो नाही. तटावरून फिरायला तिकीट आहे, आपल्या तीन हजारांच्या वर, ते ऐकून मी सरळ परत फिरलो. पाणी मात्र फुकट, १४३८ सालचं गोल कारंजं आहे, सोळा दगडी तोंडांतून पाणी येतं आणि अजून लोक त्यातून बाटल्या भरतात, बारा-एक किलोमीटरवरून झऱ्याचं पाणी आणलं होतं तेव्हा. आपल्या वाडीची नळयोजना कितव्या वर्षी बंद पडली अप्पा? त्याच मठात १३१७ पासून चालू असलेलं औषधांचं दुकान आहे, तिथून आईच्या भेगांसाठी गुलाबाचं क्रीम घेतलंय. महाग नव्हतं, लगेच विचारू नका.

मडगावकर तर तिथल्या देवाच्या मूर्तीपुढे हातच जोडून उभा राहिला. गावचा राखणदार देव सेंट ब्लेझ, आणि जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याच देवाचं चर्च आहे, या गावच्याच खलाशांनी बांधलं असं सांगतात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी यांची पोरं बोटीवर आपल्याकडे येत होती आणि त्यांच्या आया इथे वाट बघत होत्या.

मग तटाच्या मागच्या बाजूला पायऱ्या चढून वरच्या रस्त्यावर गेलो, तिथून फुकटात सगळी छपरं दिसतात. अप्पा, सगळी नळीची कौलं, आजोबांच्या पडवीवर होती तशी. काही फिकट, जुनी, पण बहुतेक लालभडक नवी. १९९१ मध्ये लढाईत तोफा डागल्या होत्या या गावावर, छपरंच्या छपरं गेली, ती परत कौलांनीच शाकारली. पत्रे नाही घातले. मी बराच वेळ तिथे बसलो होतो.

म्हणून सांगतो, काल साठ हजार पाठवलेत, त्यातले वीस बँकेच्या हप्त्याला आणि बाकीचे छपराला. पत्र्याचं कोटेशन कॅन्सल करा, कौलंच घाला, कमी पडले तर पुढच्या महिन्यात देतो. पुढच्या महिन्यात देऊ शकतो कारण माझं कॉन्ट्रॅक्ट दोन महिने वाढलंय. वाढवलंय. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. ऑगस्टऐवजी ऑक्टोबरमध्ये साइन ऑफ. म्हणजे चतुर्थीला मी नाही.

आई, रागावू नकोस, हे फोनवर सांगायला जमलं नाही म्हणून लिहितोय. दोन महिन्यांत हप्ते पण संपतात.

कणकवलीच्या लोकांना सांगा पळून चाललेलो नाही. बोटीवरचा मुलगा नको असं त्यांच्या मामांचं म्हणणं असेल तर ते मामांचं, मुलीला काय वाटतं ते कोणी विचारलंय का? तिला चालत असेल तर नंबर द्या, मीच बोलतो. दगडाचं पण सांगीन तिला, पडलो ते धरून.

आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, इथे तेव्हा दुपार असेल, वायफाय मी विकत घेईन. आणि गणपतीच्या वरची माटवी बांधायला शेजारच्या दादाला बोलवा, दरवर्षी माझाच हात पोचतो वर. अप्पांना स्टुलावर चढू देऊ नका, गुडघ्याचं ऐकत नाहीत ते.

तुमचा,
बाबू