फड मोडण्याची वेळ आधीच ठरावी

महोदय,

पोळा आणि दिवाळी जवळ आली की नागपुरात पत्त्यांचे फड बसू लागतात आणि त्यामागोमाग धाडींच्या बातम्याही आपल्या वृत्तपत्रात येतात. अड्ड्यांचे काय करायचे ते पोलीस पाहतील. मला लिहायचे आहे ते घरच्या गच्चीवर, मित्रमंडळींत, तीन पत्ती किंवा अलीकडे पोकर खेळणाऱ्यांविषयी, ज्यांना बसायचे कसे हे कळते पण उठायचे केव्हा हे कळत नाही. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी आणली. मोबाइलवर पोकर शिकलेली माझ्या ओळखीतली काही तरुण मंडळी तेव्हापासून समोरासमोरच्या फडाकडे वळली आहेत, म्हणून हा विषय आता अधिकच निकडीचा झाला आहे.

जिंकत असताना उठावे, असा वडीलधाऱ्यांचा नेहमीचा सल्ला असतो. तो मला पटत नाही. माणूस त्यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा पाळतो. थोडे जिंकले की उठतो आणि हरू लागला की ‘एकदा मुद्दल निघू दे, मग उठतो’ म्हणत पहाटेपर्यंत बसतो. परिणामी डोके ताजे असते ती बैठक तासाभरात संपते, आणि डोके तापलेले व डोळे पेंगुळलेले असतात ती सर्वांत लांबते. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धान्तात या वागण्याची फोड सापडते: तोटा झाला हे मान्य करण्यापेक्षा तो भरून निघेल या आशेवर माणूस एरवी कधी पत्करली नसती अशी जोखीम पत्करतो. पत्त्यांना मात्र मागचा हिशेब ठाऊक नसतो. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यांतल्या सुमारे 74 टक्के हातांत जोडी, कलर (तिन्ही पाने एकाच चिन्हाची), सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) यांतले काहीच नसते आणि ट्रेल, म्हणजे तिन्ही पाने सारखी, सरासरी 425 हातांत एकदा लागते. सलग वीस डाव हरलेल्याच्या वाट्याला एकविसाव्या डावातही हेच प्रमाण येते.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मी मान्य करतो. पण मग किती जिंकलो यापेक्षा, पहिल्या तासात जी हलकी पाने आपण निमूटपणे टाकून देत होतो ती आता हातात धरून बसलो आहोत का, हे खेळणाऱ्याने तपासावे. तसे होत असेल तर जिंकत असो वा हरत, उठलेले बरे. जिथे फड बसवणारा प्रत्येक डावातून नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, काढतो तिथे तर नुसते बसून राहणेही महाग पडते. सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले, डावाला सरासरी 300 रुपये जमले आणि त्यातून पाच टक्के नाल गेली, तर शंभर डावांत 1,500 रुपये, म्हणजे फडावरच्या एकूण रकमेचा चौथा हिस्सा, खेळणाऱ्यांपैकी कोणाच्याच हाती न लागता निघून जातो.

पूर्वी खिशातल्या नोटा संपल्या की खेळ आपोआप थांबत असे. 2016 साली यूपीआय आले आणि पुढे ही आडकाठी राहिली नाही. आता हरलेला माणूस बसल्या जागी कोड स्कॅन करून पाचशेच्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेतो, त्या संपल्या की पुन्हा पाचशेच्या, आणि एकूण बेरीज त्याला दुसऱ्या दिवशी खाते पाहिल्यावरच कळते. म्हणून बसण्यापूर्वी सगळ्यांनी रोख देऊन एकदाच चिप्स घ्याव्यात आणि मोबाइल आतल्या खोलीत ठेवावेत, हा मला सर्वांत उपयोगी नियम वाटतो.

वेळेचेही तसेच. ‘काय बे, जिंकून निघाला का?’ हा टोमणा ऐकून उठलेला माणूस परत बसतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. एकट्याने उठण्याची पाळीच येऊ नये म्हणून शेवटचा डाव बाराला, असे पाने पिसण्याआधीच सर्वांच्या देखत ठरावे. त्याबरोबर बूट, म्हणजे डाव सुरू होताना प्रत्येकाने टाकायची रक्कम, तीही ठरावी, कारण पावणेबारा वाजले की हरलेली मंडळी ती दुप्पट करण्याचा आग्रह धरतात आणि सबंध संध्याकाळी गेले नसतील इतके पैसे शेवटच्या तीन डावांत जातात.

ठरलेली रक्कम आणि वेळ वारंवार मोडणाऱ्यापुढे अशा नियमांचे काही चालत नाही. त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची 14416 क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. पोळ्याच्या आठवड्यात धाडींच्या बातम्यांशेजारी हा क्रमांक आपण ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर