मिस्त्री, खुर्चीखालच्या त्या दोन पट्ट्यांबद्दल

ति. मिस्त्री यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार लोकांत लिहिते आहे, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "ताई, त्यात काय एवढं" म्हणून पानाची पिशवी काढता आणि विषय तिथेच संपतो. अण्णांच्या दहाव्याला आलात, मागे उभे राहिलात, आणि मी गर्दीतून वाट काढत येईपर्यंत निघूनही गेलात. तेव्हापासून हे मनात घोळतं आहे. अण्णांच्या उतारवयात त्यांना जे मोजके मोठे आनंद मिळाले, त्यातला एक तुमच्या हातून मिळाला. तुम्ही त्याचा कधी उच्चार केला नाहीत, पण तो चार जणांना कळायला हवा असं मला वाटतं.

२०१४ साल. आमचं सासवडचं घर तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा त्याची काय दशा होती, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, मंगलोरी कौलं. वाशांना वाळवी लागलेली. तुमच्याआधी जो कंत्राटदार आला होता, त्याचं नाव मी इथे घेत नाही. त्याने घर पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, "पाडा आणि स्लॅब टाका." अण्णा नाही म्हणाले, तसा दुरुस्तीला तयार झाला. आगाऊ रक्कम घेतली, दिवाळी झाल्यावर माणसं आणून पुढच्या पाखाडीची कौलं उतरवली, उतरवली म्हणजे वरून अंगणात लोटली, आणि जो गेला तो गेला. फोन केला की साइटवर आहे, मीटिंगमध्ये आहे, सोमवारी येतो. घर उघडं आहे, आत म्हातारा माणूस आहे, असं सांगितलं तर म्हणाला, "डिसेंबरात कुठला आलाय पाऊस?" हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

तुम्ही आलात ते कुणाच्या तरी सांगण्यावरून. पैशाचं काही न बोलता आधी शिडी लावून वर चढलात. प्रत्येक वाशाला तासणीच्या दांड्याने ठोकत गेलात. खाली उतरून म्हणालात, "तुळया धडधाकट आहेत. वासे निम्मे बदलू. पाडायचं नाव काढू नका." अण्णांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, ते मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं.

मग कौलांची निवड. अंगणातल्या त्या ढिगातून तुम्ही एकेक कौल उचलायचात, डाव्या हातावर तोलायचात आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारायचात. खणखणीत वाजलं तर उजवीकडे, भद्द वाजलं तर डावीकडे. काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप होता. त्या मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, तिथून हा आकार सगळीकडे पसरला, असं अण्णा तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही टिचकी न थांबवता ऐकत होतात. थोड्या वेळाने अण्णाच खुर्चीतून बोलायला लागले. "हे जाऊ द्या, याला चीर आहे." तुम्ही ते कौल उन्हात धरून पाहिलंत. केसाएवढी चीर होती. तुम्ही त्यांच्याकडे वळून नुसती मान डोलावलीत. त्यानंतर शंका आली की तुम्ही कौल त्यांच्या कानाजवळ नेऊन वाजवायचात आणि ते सांगतील त्या बाजूला ठेवायचात. कित्येक महिन्यांत अण्णांना कुणी काही विचारलं नव्हतं. घरात सगळे त्यांची काळजी घ्यायचो, पण विचारत कुणी काही नव्हतं.

पुण्याचा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे अण्णांची वारी. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. अण्णा पुण्याला नोकरीला लागल्यापासून जायचे. रात्रभर गाणं चालायचं तेव्हाचे ते श्रोते. गोधडी, थर्मास, आणि पहाटे भीमसेनांचं गाणं ऐकून तसेच कामावर. पुढे रात्री दहाची मर्यादा आली, २०११ च्या जानेवारीत भीमसेनही गेले, पण अण्णांनी जाणं सोडलं नाही. त्या वर्षी मात्र घर असं उघडं पडलेलं. एका नातेवाइकांनी तर तोंडावर म्हटलं, "या वयात, घराची ही अवस्था, आणि गाणं ऐकायला जायचं?" अण्णा काही बोलले नाहीत. तुम्ही तेव्हा वर वासा बसवत होतात. वरूनच म्हणालात, "जाऊ द्या की त्यांना. मी आहे हितं."

गेलो. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पाऊस आला. रमणबागेच्या मैदानात मांडवाखाली नुसता चिखल. चपला हातात घेतलेली माणसं, ओल्या सतरंज्या, कोपऱ्यात साचलेलं पाणी उपसणारी मुलं. अण्णांचे गुडघे गेलेले, बैठकीवर बसता यायचं नाही. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. ते बसले आणि खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू मातीत गेले. मी धरून उठवलं, जागा बदलली, तिथेही तेच. महोत्सव पुढे ढकलल्याचं कळलं तेव्हा ते मुकाट्याने माझा हात धरून बाहेर आले.

माझा जीव इकडे. वर छप्पर नाही, खाली अण्णांच्या कॅसेटी, पुस्तकं, आईचं कपाट. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही आधीच घरात होतात. "ताडपत्री बांधलीये. कपाट आतल्या खोलीत सरकवलंय. रातच्याला दिवे घाट चढायची घाई करू नका, अण्णांना घेऊन तिकडंच ऱ्हावा." ती ताडपत्री कुठून आणलीत, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. ते काकूंनी मला पुढे हळदीकुंकवाला सांगितलं. बाजरीच्या सरमाडाच्या गंजीवरची काढून आणली होतीत. तुमच्या जनावरांची वैरण भिजली आणि आमच्या तुळया कोरड्या राहिल्या. त्या अवकाळीने ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांचं किती नुकसान केलं ते सगळ्यांनी वाचलं. त्यात तुमच्या गोठ्यातली वैरण कुठल्या पंचनाम्यात आली नसेल.

एवढं मोठं काम केलंत आणि तरी मी पट्ट्यांबद्दल लिहायला बसले आहे. ताडपत्री हे उपकार आहेत, मिस्त्री, आणि ते फिटायचे नाहीत. पण त्या पट्ट्यांनी मला जे दाखवलं, ते वेगळंच होतं.

महोत्सवाची नवी तारीख आली, १ ते ४ जानेवारी. तोवर आमच्या घरी आढ्याचं काम येऊन ठेपलं होतं. अण्णा म्हणाले, या वर्षी राहू दे. पाऊस, घर अशी कारणं सांगत होते, पण खरं कारण ती रुतणारी खुर्ची होती. चारचौघांत आपल्याला सारखं धरून उठवावं लागतं, हे त्यांना फार लागलं होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत. तुमच्याशी बोलले होते, दुपारी तुम्ही सावलीला भाकरी खायला बसायचात तेव्हा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी अण्णांच्या मांडीवर ठेवलंत. सागाच्या दोन पट्ट्या. आमच्याच जुन्या वाशाचा वाळवी न लागलेला भाग कापून काढलेल्या. प्रत्येक पट्टीत दोन खाचा. कडांवरून रंधा फिरवलेला, वर पॉलिशपेपर मारलेला, धोतराला कूस लागू नये म्हणून. दोन्हींच्या टोकाला भोक पाडून सुतळी ओवलेली, हातात धरून नेता याव्यात म्हणून. तुम्ही घरातली खुर्ची ओढलीत, तिचे पुढचे दोन पाय एका पट्टीच्या खाचांत, मागचे दोन दुसऱ्या पट्टीच्या खाचांत बसवलेत आणि म्हणालात, "आता चिखलात ठेवा, न्हाईतर रेतीत ठेवा. रुतायची न्हाई." अण्णांनी विचारलं, तिथल्या खुर्च्या वेगळ्या मापाच्या असल्या तर? तर तुम्ही म्हणालात, "मंडपवाल्याकडं जाऊन आलो. त्याच्याकडं तीन तऱ्हेच्या खुर्च्या हाईत. तिन्हीचे पाय बसतील अशा खाचा लांब ठेवल्यात."

मिस्त्री, मंडपवाल्याकडे जाऊन खुर्च्यांचे पाय मोजणारा माणूस! ते काम ना ठरलेल्या मजुरीत होतं, ना कुणी तुम्हाला सांगितलं होतं. एक म्हातारा माणूस जेवताना सहज काही बोलला, ते तुम्ही ऐकलंत, लक्षात ठेवलंत, आणि दिवसभराच्या कामानंतर दिव्याच्या उजेडात रंधा मारत बसलात. आगाऊ पैसे घेऊन फोन न उचलणाऱ्या माणसाशी मी नुकतीच झुंजून थकले होते. त्या संध्याकाळी मी आत जाऊन रडले, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

रमणबागेतलं मैदान अजून मऊच होतं. अण्णांनी स्वतःच्या हाताने पट्ट्या मांडल्या, वर खुर्ची ठेवली आणि बसले. शेजारच्या एका गृहस्थांनी वाकून पाहिलं, हे कुठे मिळतं म्हणून विचारलं. अण्णा ताठ बसून म्हणाले, "मिळत नाही. आमच्या मिस्त्रींनी केल्यात." पुढच्या प्रत्येक सत्रात कुणी ना कुणी विचारायचं आणि तेच उत्तर तेवढ्याच अभिमानाने मिळायचं. त्या काळी सांगतेला प्रभाताई अत्रे गायच्या, आणि अगदी शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जायची. ती लागली की अण्णा उभे राहायचे. त्या वर्षी ते माझा हात न धरता उभे राहिले.

घरी आलो तर तुम्ही आढ्याचं काम तसंच ठेवलं होतं. "वरचं शेवटचं कौल अण्णांच्या म्होरं बसवायचं हुतं," म्हणालात. बाकीच्या कामाचं मी लिहीत नाही. घर उभं आहे, कुणीही येऊन बघावं.

पट्ट्या पुढे वर्षानुवर्षं आमच्याबरोबर आल्या. महोत्सव २०१८ मध्ये मुकुंदनगरला गेला तेव्हाही आल्या. तिथे गरज नव्हती, तरी अण्णा ऐकायचे नाहीत. मग कोविडमध्ये महोत्सव बंद राहिला, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, तोवर अण्णांचं फार वेळ बसणं संपलं होतं. शेवटी शेवटी ते रेकॉर्डिंग ऐकत पडून असायचे. वर बघत विचारायचे, मिस्त्री आले होते का एवढ्यात? तुम्ही दर मृगाच्या आधी येऊन कौलं चाळून जायचात, आणि जाताना त्यांच्यापाशी बसायचात. मजुरी द्यायला गेले की म्हणायचात, अण्णांशी हिशेब झालाय. कसला हिशेब, ते मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडे व्याख्यानं पुष्कळ होतात. मी ऐकली आहेत, मान डोलावली आहे. पण चांगला माणूस कामात कसा दिसतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं. तो आधी वर चढून बघतो, दुसऱ्याचं सामान आपल्या सामानाआधी झाकतो, आणि समोरच्याला लाज वाटू न देता मदत करतो. अशी माणसं गावोगाव आहेत, मला खात्री आहे. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात, म्हणून ज्याला त्यांचा अनुभव आला त्याने तरी तो लिहावा. मी लिहिला.

आता एक मागणं आहे. त्या वर्षी अण्णांनी तुम्हाला बरोबर चला म्हटलं होतं आणि तुम्ही "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून टाळलंत. टिचकी मारून कौलातली न दिसणारी चीर ओळखणाऱ्या माणसाचं हे म्हणणं मी तेव्हाही मानलं नव्हतं. या डिसेंबरात मी महोत्सवाला जाणार आहे. तुम्ही आणि काकू माझ्याबरोबर चला. तिकिटांचं मी बघते. गाडीने नेईन, गाडीने आणीन. यावर "त्यात काय एवढं" चालणार नाही.

काकूंना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद.

तुमची,
ताई
सासवड

ता. क. : पश्चिमेच्या पाखाडीवर माकडांनी कौलं सरकवली आहेत. मुलाला पाठवलंत तरी चालेल, पण तुम्हीही या. तुम्ही वर चढायचं नाही, खाली खुर्चीत बसून त्याला सांगायचं.