‘अनिकी’ला ‘दादा’ म्हणणाऱ्या अनुवादकास आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

नाव कुठे द्यायचं नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून पत्राच्या माथ्यावर नाव नाही. ‘ड्रंकन एंजल’ (१९४८), ‘पेल फ्लॉवर’ (१९६४) आणि ‘ब्रँडेड टू किल’ (१९६७) या तीन जपानी कृष्णधवल गुंडपटांची मराठी सबटायटल्स तुम्ही केलीत. ती लावून हे सिनेमे दाखवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. चांगली सबटायटल्स बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाहीत, म्हणून आभार कशाकशाचे ते नीट लिहीत आहोत.

आधी ‘दादा’. जपानी गुंड आपल्याहून वरच्याला ‘अनिकी’ म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. इंग्रजीत तिथे कधी ‘ब्रदर’ येतं, कधी ‘बॉस’, आणि दोन्हींत काहीतरी सुटतं. मराठीत थोरला भाऊही दादा आणि मोहल्ल्यावर वचक असणाराही दादा. शब्द आपल्या घरातलाच होता, तो तुम्ही नेमका इथे आणून बसवलात. उलट ‘ओयाबुन’ला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, हात लावला नाहीत, तेही बरोबर. ‘ओया’ म्हणजे आईबाप, हाताखालचा तो ‘कोबुन’, म्हणजे लेकरू. तिथे ‘मालक’ लिहिलं असतं तर सगळा कारभार पगारी नोकरीचा वाटला असता.

‘गिरी’ या शब्दाला कोशात ‘कर्तव्य’ मिळतं. तुम्ही लिहिलंत ‘खाल्ल्या मिठाला जागणं’, आणि या सिनेमांची ओढ कशात आहे ते त्या तीन शब्दांत उघडं झालं. एकीकडे मीठ, दुसरीकडे ‘निन्जो’, म्हणजे माणसाची माया, आणि मधे चिरडला जाणारा माणूस. ‘ड्रंकन एंजल’मधला मात्सुनागा (तोशिरो मिफुने) क्षयानं पोखरलेला आहे. टोळीतल्या निष्ठेवर त्याचा भाबडा विश्वास आहे, आणि ज्याचं मीठ खाल्लं तोच आपल्याला प्याद्यासारखा पुढे करणार आहे, हे त्याच्या कानावर पडतं. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर सानादा (ताकाशी शिमुरा) त्याच्यावर सतत खेकसतो. तुम्ही त्याच्या तोंडी पहिल्यापासून ‘अरे-तुरे’ ठेवलंत, म्हणून त्या खेकसण्यातली काळजी ऐकू येते. ‘अहो’ने ती मेली असती.

‘ब्रँडेड टू किल’मधला हानादा (जो शिशिदो) हा तिसऱ्या क्रमांकाचा मारेकरी. शिजणाऱ्या भाताच्या वासाशिवाय त्याचं चालत नाही. तिथे तुमचं ‘भात लाव!’ दोन शब्दांत काम करतं. या सिनेमात दृश्यं एकमेकांवर आदळतात, मधले दुवे गाळलेले आहेत. सिनेमे कळत नाहीत या कारणावरून निक्कात्सु स्टुडिओने १९६८ मध्ये त्याचे दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांना काढून टाकलं. त्यांनी खटला भरला आणि तो १९७१ मध्ये तडजोडीने मिटला. सबटायटल्समध्ये जास्तीची वाक्यं घालून या फटी बुजवण्याचा मोह कुणालाही झाला असता. तुम्ही एकही बुजवली नाहीत.

फाइलसोबतची तुमची चिठ्ठी तर जपून ठेवण्यासारखी आहे. कृष्णधवल चित्रावर शुभ्र अक्षरं पांढऱ्या सदऱ्यावर विरून जातात. ‘ड्रंकन एंजल’च्या शेवटच्या झटापटीत तर पांढरा रंगच सांडतो. पिवळी अक्षरं वाचता येतात, पण सबंध चौकटीत तेवढाच एक रंग असल्याने नजर तिथेच अडकते. तुमची फिकट करडी अक्षरं आणि त्यांभोवतीची काळी कड हा खरा उपाय. प्लेअरचा फाँट देवनागरीला धड नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो. म्हणून फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये आणि सोबत फाँटही दिलात.

वेळांचं गणितही तुमच्यामुळे नीट समजलं. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीसाठी केलेली सबटायटल्स २५ च्या प्रतीवर लावली की दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद मागे पडतात. ९६ मिनिटांच्या ‘पेल फ्लॉवर’मध्ये शेवटी फरक जवळपास ४ मिनिटांचा होतो. सगळ्या ओळी सारख्याच पुढे सरकवून हे सुटत नाही, वेळा ताणाव्या किंवा आकसाव्या लागतात. शिवाय ‘पेल फ्लॉवर’ आणि ‘ब्रँडेड टू किल’ रुंद पडद्याचे. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर चित्राची उंची साधारण ८१७ पिक्सेल-ओळी, वर-खाली १३१-१३१ ओळींच्या काळ्या पट्ट्या. खालच्या पट्टीत अक्षरं ठेवली तर चित्र मोकळं राहतं, पण जिथे पट्ट्या पडद्याबाहेर घालवून चित्र मोठं करतात तिथे सबटायटल्सही बाहेर जातात. तुम्ही दोन वेगळ्या फाइली केल्यात.

प्रोजेक्टरबद्दलचं तुमचं म्हणणं प्रत्येक आयोजकानं पाळावं: डायनॅमिक मोड नको, मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद, खोली पूर्ण अंधारी, गामा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा ठरवणारं सेटिंग) २.४ च्या आसपास. ब्राइटनेस चढवला की काळं करडं होतं, आणि ‘पेल फ्लॉवर’मधल्या जुगाराच्या अड्ड्यावर काळोखातून वर येणारे चेहरे सपाट पडतात. या सिनेमांत अर्धी गोष्ट त्या काळ्यातच आहे.

त्याच अड्ड्यावरच्या तेहोनबिकी या पत्त्यांच्या खेळाचा नियम सिनेमा सांगत नाही. तुमच्या सुरुवातीच्या पाटीवर तो तीन ओळींत आहे: पानं वाटणारा १ ते ६ मधलं एक पान लपवून निवडतो, बाकीचे ते ओळखून पैसे लावतात. त्याखालीच ‘याकुझा’, म्हणजे जपानी टोळीवाला, या शब्दाची फोड. ओइचो-काबू या पत्त्यांच्या खेळात ८-९-३, म्हणजे या-कु-सा, यांची बेरीज २०. मोजायचा फक्त एकक, म्हणजे शून्य. बिनकामाचं पान, बिनकामाचा माणूस. एवढं ठाऊक असलं की मुराकी (र्यो इकेबे) आणि साएको (मारिको कागा) पैशासाठी खेळत नाहीत, हे पहिल्याच डावात कळतं.

‘पेल फ्लॉवर’मध्ये मुराकी जिने चढून खून करायला जातो तेव्हा खोलीतले आवाज थांबतात आणि पर्सेलच्या ‘डायडो अँड एनियस’ या ऑपेरातलं गाणं सुरू होतं. तिथे तुम्ही पडदा कोरा ठेवलात. संगीतकार तोरु ताकेमित्सु आणि दिग्दर्शक मासाहिरो शिनोदा यांनी जे न बोलता सांगितलं, त्याला अक्षरांची गरज नव्हती.

‘अ कोल्ट इज माय पासपोर्ट’ (१९६७) तुमच्या मनात आहे असं कळलं. शिशिदोचाच, निक्कात्सुचाच. वेळा जुळवण्याचं आणि तपासण्याचं काम या वेळी आमच्याकडे द्या. दोन्ही फाइली आम्ही करू, शब्द तुमचे.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
सिनेमे दाखवणारे आणि बघणारे आम्ही सगळे