शाळेच्या बंद खोलीत 'प्रयोगघर' उभारण्यासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि सुरत, नाशिक, पुण्याला कामधंद्यासाठी गेलेले आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी यांना सप्रेम नमस्कार.

मागच्या ऑक्टोबरात केळीच्या कांदेबागेची (पावसाळ्यानंतरच्या हंगामाची) लागवड सुरू होती, तेव्हाची गोष्ट. सातवीची मुलं सरांबरोबर एका पालकाच्या शेतात गेली होती. मीही सोबत होतो. सरांनी विचारलं, "एक एकर रान आहे, पाच बाय पाच फुटांवर केळी लावायची. रोपं किती मागवायची?" एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हे पोरांना तोंडपाठ. क्षेत्रफळाच्या धड्यात बहुतेकांना पैकीच्या पैकी. तरी सगळे गप्प. शेवटी वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा हळूच म्हणाला, "सर, गुणानं का भागानं?"

तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. पोराला गुणाकार येतो, भागाकारही येतो. कुठं काय करायचं, हे ठरवायची वेळ आपण त्याच्यावर कधी येऊच दिली नाही. धड्याच्या वर 'भागाकार' असं छापलेलं असतं, म्हणून तो भागतो.

मग एका मुलीनं काडी घेतली आणि मातीत चौकोन आखले. एका रोपाला एक चौकोन, म्हणजे पंचवीस चौरस फूट. तिचं उत्तर १,७४२ आलं. सर शाबासकी देणार तेवढ्यात तीच म्हणाली, "पण बांधाकडेनं चालायला जागा सोडावी लागंल ना? मग रोपं कमी लागतील." त्यावर शेताचे मालक म्हणाले, "आणि नांग्या भरायला, मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, थोडी जास्त नको का?" पुढचा अर्धा तास पोरं, सर आणि शेतकरी मिळून तेच गणित करत बसले. या मुलीचं नाव गुणपत्रिकेत कधी वरच्या पाचांत नसतं. घरी आल्या आल्या "किती मार्क पडले?" एवढंच विचारणारे आपण पालक याला तितकेच जबाबदार आहोत. मी स्वतः त्यात आलो.

असं शिकवणं हे काही नवं खूळ नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिलंय की मुलांनी कृतीतून, शोध घेत शिकावं आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकावं. आपल्याकडे अहिराणी बोलणारी मुलं आहेत, पाड्यांवरून येणारी पावरी बोलणारीही आहेत. शेतात ती आपापल्या बोलीत तावातावानं वाद घालत होती. वर्गात तीच मुलं प्रमाण भाषेत वाक्य जुळवता जुळवता गप्प होतात.

शाळेच्या मागची खोली पत्रे गळतात म्हणून बंद पडली आहे. तिथं शाळा व्यवस्थापन समिती प्रयोगघर करणार आहे. दर शनिवारी सकाळी मुलांनी तिथं मोजायचं, जोडायचं, मोडायचं, पुन्हा करून बघायचं. उन्हाळ्यात माठातलं पाणी स्टीलच्या घागरीपेक्षा किती अंश गार होतं, आणि आषाढात तोच माठ तेवढा गार का करत नाही? उत्तर हवेतल्या ओलाव्यात आहे. पण ते फळ्यावर लिहून द्यायचं नाही. दोन्ही भांड्यांत थर्मामीटर बुडवून रोजची नोंद ठेवली की ते पोरांनाच सापडेल.

यासाठी काय हवं ते स्पष्टच सांगतो. बावीस पत्रे, सिमेंटच्या पंधरा गोण्या, दोन लोखंडी मांडण्या. थर्मामीटर बारा, तीस मीटरचे फीते दोन, वजनकाटे, भिंगं, एक पर्जन्यमापक. पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, वायर, सेल, छोटे बल्ब. वस्तू जुनी असली तरी चालेल, पण चालू स्थितीत असावी. कुणी एकच पत्रा दिला तरी त्याची नोंद होईल. रोख देणाऱ्यांनी शाळेच्या कार्यालयातून पावती घ्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, अगदी माझ्याही. हिशेब दर महिन्याला शाळेच्या फलकावर लागेल.

पैशांपेक्षाही आम्हाला माणसं हवी आहेत. वायरमन, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या ताई, ठिबक जोडणारे, मोटार दुरुस्त करणारे, आशाताई. महिन्यातून एका शनिवारचे दोन तास द्या. शिकवायला येत नाही म्हणून मागे हटू नका. तुमच्या कामात रोज काय अडतं आणि ते तुम्ही कसं सोडवता, एवढंच मुलांसमोर करून दाखवा. साक्री-धुळ्याकडच्या आपल्या सोयऱ्यांपैकी कुणी पांझरा नदीकाठी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना फिरवणारा, म्हणून काम केलं असेल, तर त्यांना जरूर घेऊन या. बंधाऱ्याचं पाणी अख्ख्या गावाला पुरवायचं म्हणून तिथं शिवाराचे फड म्हणजे मोठे भाग पाडले, एका फडात एकच पीक घेतलं, पाळीपाळीनं पाणी फिरवलं. कुठल्या पुस्तकात न बघता आपल्या जुन्या माणसांनी सोडवलेलं हे केवढं मोठं गणित! ते त्यांच्याच तोंडून मुलांच्या कानावर पडावं, अशी फार इच्छा आहे.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी येतात, सुरतची मंडळीही गावात असतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शाळेच्या ओट्यावर बैठक ठेवली आहे. जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत पत्रे चढले पाहिजेत, म्हणून काम लगेच हाती घेऊ. श्रमदानाला येणाऱ्यांनी घमेलं आणि फावडं सोबत आणावं.

आपले नम्र,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती