उभ्या उडीच्या चाचणीत हात कुठे असावेत? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण योजनेच्या, निवड चाचण्यांत जागेवरून मारायच्या उंच उडीचा आणि लांब उडीचा समावेश असतो. या उड्या मारताना मुलाचे हात कुठे असावेत, याचा एकच लेखी नियम राज्यातील प्रत्येक केंद्रावर काटेकोरपणे पाळला जावा आणि तो गुणपत्रकावरही छापला जावा, एवढ्या एकाच मागणीसाठी मी, एक क्रीडाशिक्षक, हे पत्र लिहीत आहे.

मागणी किरकोळ वाटेल, पण तिचा परिणाम किरकोळ नाही. हात मागे नेऊन जोराने वर झोकले की पाय जमिनीवर असतानाच शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जमीन सोडतानाचा वेगही वाढतो, त्यामुळे कमरेवर हात ठेवून मारलेल्या उडीपेक्षा ही उडी साधारणपणे दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक उंच जाते. लांब उडीत तर ॲश्बी आणि हीगार्ड या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हात मोकळे असताना सरासरी २.०९ मीटर, तर हातांची हालचाल रोखली असताना १.७२ मीटर अंतर भरले. त्या प्रयोगातील खेळाडू मोजकेच होते हे खरे, परंतु निवड यादी वरखाली व्हायला या फरकाचा चौथा हिस्साही पुरेसा आहे.

भिंतीवर खुणा करून उंच उडी मोजताना आणखी एक गोम असते. अमेरिकी शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांच्या १९२१ च्या लेखापासून रूढ झालेल्या या पद्धतीत उभ्याने हात पोचतो ती खूण आणि उडीत लागलेली खूण यांतील अंतर धरले जाते. पहिल्या खुणेच्या वेळी खांदा पूर्ण ताणला नाही, तर काही सेंटिमीटर फुकट पदरात पडतात. चलाख मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. एका हाताने गाठलेली खूणही दोन्ही हातांनी गाठलेल्या खुणेपेक्षा वर जाते, कारण शरीर एका बाजूला कलते. इलेक्ट्रॉनिक मॅट आणल्याने भिंतीचा प्रश्न मिटेल, हातांचा नाही: मॅट केवळ हवेतील वेळ मोजते, अर्ध्या सेकंदाला सुमारे ३०.७ सेंटिमीटर असा हिशेब करते, आणि तो वेळ पायांनी मिळवला की हातांनी, हे तिला कळत नाही.

मग नियम कोणता असावा? कमरेवर हात ठेवून कोणताच खेळ खेळला जात नाही, हा प्रशिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. व्हॉलीबॉलमधील उडी हातांशिवाय कल्पिताच येत नाही. तरीही प्रबोधिनीकडे येणारे वाडीवस्तीवरचे मूल आणि शहरातील क्लबमध्ये सराव केलेले मूल यांच्यात हातांच्या झोक्याचा फरक हा बहुतांशी शिकवणीचा असतो, आणि शिकवणी देणे हे तर प्रबोधिनीचेच काम आहे. म्हणून उंच उडी दोन्ही प्रकारे घ्यावी, असे माझे मत आहे: आधी हात कमरेवर, मग हात मोकळे. गुण पहिल्या उडीला द्यावेत आणि दोन्हींतील फरक प्रशिक्षकासाठी नोंदवून ठेवावा. लांब उडीत मात्र हात मोकळेच असू द्यावेत, कारण ते बांधले की उतरताना तोल सावरणे लहान मुलांना जड जाते.

जुन्या नोंदींत हातांची स्थिती लिहिलेली नसेल, तर त्या ठरावीक टक्केवारीने बदलून नव्या नोंदींशी जुळवू नयेत. हातांचा लाभ प्रत्येक मुलाला सारखा होत नाही.

या बदलासाठी वेगळी तरतूद लागणार नाही. गुणपत्रकात एक रकाना, परीक्षकांसाठी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात एका दिवसाचे प्रात्यक्षिक आणि पुढील निवड चाचण्यांपूर्वी निघालेले एक परिपत्रक, इतके पुरेल.

आपला,
एक क्रीडाशिक्षक