डिसेंबरच्या आधी एवढं वाचून घ्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार वि. वि.

फोनवर माझ्या डोंगरात पळण्याचा, डिसेंबरच्या स्पर्धेचा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा ‘बघ तुझं तू’ म्हणून फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. पत्रात निदान मला कुणी मध्येच तोडणार नाही.

मामींकडून तुम्हाला जे कळलं त्यात तिखटमीठ बरंच आहे. मी दरीत वगैरे पडले नाही. कात्रज ते सिंहगडच्या टेकड्यांवर एका उतारावर पाय मुरगळला, एवढंच. पाऊस ओसरला की त्या टेकड्यांवर गवत मांड्यांपर्यंत येतं. खाली दगड आहे की खड्डा, पाय टेकल्याशिवाय कळत नाही. माझा टेकला तो घसाऱ्यात. घोटा आतल्या बाजूला वळला आणि पुढचा रस्ता मी काठी टेकत, सोबतच्यांच्या शिव्या खात उतरले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं होतं. आई, आंबेहळदीचा लेपही लावला. त्यानं सूज उतरली की पाय उशीवर उंच ठेवल्यानं, ते तुझं तू ठरव. चोळून मात्र कुणाकडूनही घेतलं नाही. ताज्या मुरगळीवर मालिश नकोच.

त्याआधी टाचेचं झालं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, आणि चार पावलं चाललं की कमी. एका डॉक्टरांनी ‘या वयात कशाला हे उद्योग’ म्हणून पळणंच बंद करायला सांगितलं. बाबांना ते डॉक्टर फार आवडले होते. दुसरीकडे गेले तर तिथल्या फिजिओनं जिन्याच्या पायरीवर उभं केलं, पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सांगितलं, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच थांब, तीन सेकंदांत खाली, दिवसाआड. बघणाऱ्याला वाटेल बाई जिन्यात उगाच उभी आहे, पण पहिल्या फेरीच्या शेवटालाच पोटरी लटलटते. ते जमायला लागल्यावर पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक. टाच बरी व्हायला महिने लागले. त्या वर्षी मी नाव नोंदवूनही स्पर्धेला उभी राहिले नाही. पैसे गेले ते गेले.

फॅमिली ग्रुपवर काका अधूनमधून बारामतीच्या लता करेंचा व्हिडिओ टाकतात आणि खाली मला टॅग करतात. त्या बाईंना माझा कोपरापासून नमस्कार, पण ती तुलना नको. साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी पळाल्या त्या नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. तो व्हिडिओ बघून मला स्फूर्ती येत नाही, राग येतो. त्यांना थांबण्याची सोयच नव्हती. माझी हौस आहे. जीव काढायला लावेल अशी गरज माझ्यामागे कुठलीच नाही, त्यामुळे दुखलं की मला थांबता येतं, आणि थांबलेली तुम्ही मला पाहिलंयसुद्धा.

राहिला ‘पण कशासाठी?’ हा प्रश्न. बाबा, तो तुम्ही विचारावा याचं मला हसू येतं. जुलैच्या पावसात बँकेत रजा टाकून पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे तुम्ही. मसाई पठारावर धुक्यात हाताचं बोट दिसत नव्हतं, हे तुम्हीच रंगवून सांगायचात. परत आलात तेव्हा बुटांतून काढलेले पाय पांढरेफटक आणि सुरकुतलेले होते. मी दारात उभी राहून बघत होते. आजीनं ‘कुणी सांगितलं होतं रे तुला?’ म्हणत गरम पाण्याची बादली पुढे सरकवली, तेव्हा तुम्ही तिला काय उत्तर दिलंत? काही नाही. हसलात फक्त.

आईची हरकत गुडघ्यांची आहे, आणि तिचे दोन्ही बदललेले असल्यामुळे तिला बोलायचा अधिकारही आहे. पण आई, तू आयुष्यात कधी पळाली नाहीस, एस.टी.च्या मागेसुद्धा नाही, तरी ते गेलेच ना? २०१७ साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साधारण साडेतीन टक्के लोकांत आढळला, बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. लगेच खूश होणार नाही, कारण त्याच अभ्यासात वरच्या दर्जाच्या स्पर्धा पळणाऱ्यांत तो तेरा टक्क्यांवर होता. शिवाय ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असंही असू शकतं. पण पळालं की गुडघे झिजणारच, हे काही खरं नाही.

आणि ‘पळणं’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर शंभर मीटरची शर्यत असते, ती काढून टाका. डोंगरातल्या अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीत, चढ जवळजवळ सगळेच चालतात, पहिले काही वाघ सोडले तर. आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराच्या भोवती २००३ पासून एक स्पर्धा होते, सुमारे १७० किलोमीटरची, एकूण चढ दहा हजार मीटरच्या घरात. तिथेही बहुतेक लोक काठ्या टेकत चढतात. माझं त्या मानानं फारच किरकोळ आहे. एसआरटी, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा, ५३ किलोमीटर. सिंहगड चढायचा, कल्याण दरवाज्यानं उतरायचं, विंझरच्या बाजूनं राजगड, मग संजीवनी माचीकडून धारेनं तोरण्याची बुधला माची, आणि तिथून वेल्ह्यात उतरायचं. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि नेमका तोच शेवटी येतो, पाय संपलेले असताना.

सराव म्हणजे बहुतेक वेळा वेताळ टेकडी नाहीतर सिंहगड, आणि घरी ताकदीचे व्यायाम. वेदनाशामक गोळ्या खाऊन मी पळत नाही. घामानं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात. पाणी तहानेपुरतं, बरोबर मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याच्या वड्या, लिंबू-सरबत. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. बाबा, तुमचं मीठ डॉक्टरांनी काढलं आणि मला मुद्दाम खायला सांगितलंय, एका घरात एवढी समानता पुरे.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ते.

घोटा बरा झाला. सपाटीवर पळायला लागले, चढ चढायला लागले. मग एका रविवारी कल्याण दरवाज्याच्या खालच्या उतारावर उभी राहिले आणि पाऊल उचलेना. दुखत काहीच नव्हतं. कॉलेजची पोरं बाजूनं टणाटण उड्या मारत उतरून गेली. मी आडवी होऊन, दोन्ही हातांनी गवत धरून, एक दगड झाला की दुसरा, अशी उतरत होते. तो उतार चढायला लागतो त्याहून जास्त वेळ मला उतरायला लागला. गडावर दही विकणाऱ्या एक मावशी डोक्यावर बोजा घेऊन खालून वर येत होत्या. माझ्या घोट्याचा पट्टा बघून थांबल्या आणि म्हणाल्या, “कुनी मागं लागलंय का ताई? न्हाई ना? मग बसा की जरा.” बसले. त्यांनी बोजा उतरवला, दही दिलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

फिजिओला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, लिगामेंट आधी बरं होतं, भरवसा मागून येतो, आणि तोही व्यायामानंच येतो. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की डोळे मिटून. मग छोट्या उतारावर दहाच पावलं उतरायची, परत वर यायचं, पुन्हा दहा. भीतीनं माणूस मागे रेलतो, मागे रेललं की टाच सरकते, आणि सरकली की भीती खरी वाटते. वजन जरा पुढे ठेवलं, पावलं लहान टाकली की पाय धरतो. हे मला पुन्हा शिकावं लागलं. आता तो उतार मी उतरते. पोरांसारखी नाही, पण दोन्ही हात मोकळे ठेवून.

बाबा, बाथरूममध्ये घसरलात तेव्हा मुका मार होता, तो कधीच गेला. पण रंकाळ्याची फेरी तुम्ही पुन्हा सुरू केली नाहीत. विचारलं की कधी ऊन असतं, कधी कुत्री फार झालेली असतात. आई सांगत होती, जिना उतरताना आता तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरता. कठडा धरा, तो सोडू नका. पण घरात बसून राहिलात तर मांड्या आणखी बारीक होतील, आणि मग पडायची धास्ती खरी होईल. वयस्क माणसांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम केले तर पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्यानं कमी होतं, हे बऱ्याच चाचण्यांमधून पुढे आलंय.

तर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीशी बांधून उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन नाही. बसताना मांडीचे जे स्नायू काम करतात तेच माझे उतारावर करतात. उठल्यावर लगेच चालायला लागू नका, बीपीच्या गोळीनं चक्कर येऊ शकते. दुसरा व्यायाम ओट्यापाशी. एक हात ओट्यावर, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावून उभं राहायचं. आई शेजारी असताना. सुरू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

डिसेंबरचं म्हणाल तर फिजिओबरोबर माझं ठरलंय: राजगडाच्या पायथ्याशी पोचताना लंगडत असेन तर बिब, म्हणजे छातीवरचा स्पर्धेचा नंबर, काढून गाडीत बसायचं. तिथून पुढच्या धारेवर अडकलं तर बाहेर निघणं अवघड, म्हणून निर्णय तिथेच. तुम्हाला वेल्ह्याला यायचं असेल तर दादा गाडी काढेल. दुपारनंतरच निघा, मला उजेडात पोचायचं आहे पण लवकर काही पोचणार नाही. आणि आई, सकाळपासून फोन लावत बसू नकोस. मधल्या डोंगरात रेंज नसते, त्याचा अर्थ काही झालंय असा नसतो.

खुर्चीचं पहिला आठवडाभर पाचच वेळा करा, जास्त नको. मी तुम्हाला विचारणार नाही, आईला विचारेन.

तुमची,
थोरली