चुन्याच्या भिंतीला काँक्रीटची परीक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात आणि नौपाडा, चरई, उथळसरमधल्या जुन्या घरांनाही नोटिसा येतात. नौपाड्यातली २०१५ची कृष्णा निवास दुर्घटना आठवते त्याला या नोटिसा अनाठायी वाटणार नाहीत; मलाही वाटत नाहीत. पण दुरुस्त होण्याजोगी घरंही पाडण्याच्या वाटेला लागतात, त्याचं फार वाईट वाटतं.

चरईतलं आमचं घर जाड विटांच्या भिंतींचं, सागवानी तुळयांचं, मंगलोरी कौलांचं. वर आम्ही राहायचं आणि खाली ठाण्यातल्या चित्रकारांसाठी छोटं कलादालन करायचं, असं ठरवून दुरुस्तीला हात घातला. इथल्या चित्रकारांना आजही चित्रं बांधून काळा घोड्याला न्यावी लागतात आणि जहांगीर कलादालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं.

तीस वर्षांवरील इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे आणि ते असायलाच हवं. पण आमच्याकडे जे ऑडिट झालं, त्याच्या छापील नमुन्यातल्या चाचण्या सगळ्या काँक्रीटच्या: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, सळईचा गंज. चुन्यात बांधलेल्या भिंतीत सळई कुठून येणार? तरी शेरा पडला, ‘पाडावी’. पुढे जुन्या बांधकामाची जाण असलेले एक अभियंता आले. त्यांनी प्रत्येक तुळई भिंतीत शिरते तिथे दाभण टोचून पाहिलं, कारण ओल आणि वाळवी आधी तिथेच लागते. दोन टोकं पार कुजलेली निघाली, बाकीच्या लाकडात दाभण शिरेना. घर सी-२अ वर्गात बसलं, म्हणजे रिकामं करून दुरुस्त करण्याजोगं.

भिंतींची ओल आमच्याच घरात पूर्वी मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे होती. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. गिलावा खरवडला तेव्हा मागचा चुना ओल्या भुशासारखा हातात आला. मग सुरखी, म्हणजे विटांची पूड, घातलेला चुना, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, आणि एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. असं काम जाणणारे गवंडी शोधण्यातच बराच काळ गेला. चित्रांसाठी तर कोरडी भिंत हवीच, नाहीतर कागदाला बुरशी धरते. जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, म्हणून दक्षिणेच्या खिडक्यांना जाड पडदे लावले. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत म्हणून छताजवळ लाकडी पट्टी बसवून चित्रं तिथून टांगली.

एवढं करून अडलं ते कागदांवर. ‘निवासी की व्यावसायिक?’ या प्रश्नापुढे आमचा अर्ज सरकेना. डॉक्टरांचा दवाखाना, वकिलांचं ऑफिस राहत्या घरात चालतं; कलादालनाचं नाव काढलं की मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. मुंबईत १९११ सालचं कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झालं. पुण्यात काका केलकरांनी राहत्या वाड्यात संग्रह मांडला, त्यातूनच आजचं राजा केलकर संग्रहालय उभं राहिलं. मग चरईतल्या एका मजल्याची एवढी अडचण का व्हावी?

महापालिकेने चुन्या-लाकडाच्या घरांसाठी ऑडिटचा वेगळा नमुना करावा आणि पाडण्याचा शेरा देण्याआधी अशा बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून पाहणी सक्तीची करावी. घरमालक वर राहत असेल तर खालच्या छोट्या कलादालनाला घरातल्या दवाखान्यासारखीच मान्यता मिळावी. शेजारच्या दोन घरांना नोटिसा लागल्या आहेत आणि त्यातल्या एका मालकांना दुरुस्तीच करायची आहे. त्यांचं ऑडिट पावसाळ्याआधी व्हायचं आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिलं.

आपला,
एक वाचक, चरई, ठाणे (प.)